डार्विन कुकचा पार्कर: 'द हंटर' नंतर थेट 'द स्कोअर' घ्यावं का?

मधली_सीट
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात डार्विन कुकचं 'द हंटर' वाचून संपवलं (पार्कर नावाच्या पेशेवर दरोडेखोराची चित्रांतून सांगितलेली कादंबरी, म्हणजे ग्राफिक नॉव्हेल, २००९ चं, रिचर्ड स्टार्कची मूळ कादंबरी १९६२ ची) आणि ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून धागा काढला. सुरुवातीची पानंच्या पानं शब्दच नाहीत जवळपास. न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून एक माणूस तडातडा चालत येतोय, मोठे मोठे हात, पण चेहरा काही दाखवत नाही, मग सरकारी ऑफिसात जाऊन लायसन्सचा कोरा फॉर्म उचलतो, त्यावर पेनाने शिक्का हातानेच काढतो, आणि बऱ्याच पानांनंतर आरशात त्याचं तोंड दिसतं तेव्हा मी लोकलमध्ये बसल्या बसल्या दचकलो, खरंच.

पण मला दरोड्याची गोष्ट हवी होती, म्हणजे प्लॅन, टोळी जमवणं, घड्याळ लावून काम. 'द हंटर' ही सूडाची गोष्ट आहे, दरोडा मागे घडून गेलेला. 'द स्कोअर' हे खरं दरोड्याचं पुस्तक असं ऐकलंय. इम्पोर्टेड हार्डकव्हर महाग पडतं, मागच्या वेळी तर पार्सल कोपरा चेपून आलं आणि दुकानाने परतही घेतलं नाही, त्यामुळे यावेळी विचारून घेतो. मधलं 'द आउटफिट' सोडलं तर चालेल का? आणि पार्करमध्ये आवडण्यासारखं काही नाही तरी आपण त्याच्यामागे का जातो, यावरही लिहा.

शाईचा_डाग
'द स्कोअर' डोळे झाकून घ्या, पण 'द आउटफिट' सोडू नका. कारण अगदी साधं आहे, मधे पार्कर प्लॅस्टिक सर्जरी करून चेहराच बदलतो. 'द आउटफिट'च्या सुरुवातीला कुकने स्टार्कची पार्करवरची दुसरी कादंबरी थोडक्यात उरकलीय, त्यात हे येतं. ते न वाचता पुढे गेलात तर हा नवा माणूस कोण असं वाटेल. शिवाय त्या पुस्तकात गुन्हेगारांच्या सिंडिकेटचे अड्डे एकामागून एक लुटले जातात आणि प्रत्येक लूट कुक वेगळ्या पद्धतीने सांगतो, एक तर चक्क मासिकातल्या लेखासारखी, मजकूर आणि बाजूला चित्रं. २०११ चा आयस्नर पुरस्कार (कॉमिक्समधला मोठा मान) त्याला मिळाला तो उगाच नाही.

आता 'द स्कोअर' (२०१२). नॉर्थ डकोटातलं कॉपर कॅनियन नावाचं खाणीचं गाव, दरीत वसलेलं, आत-बाहेर जायला एकच रस्ता. आणि प्लॅन काय, तर एका रात्रीत अख्खं गाव लुटायचं, बँका, कंपनीचा पगार, जवाहिऱ्यांची दुकानं, सगळं. पार्करला आधी हा वेडेपणा वाटतो. मग तो एकच प्रश्न धरून बसतो, की रात्री गावात जागं कोण असतं? पोलीस चौकी, फायर स्टेशन, कारखान्याचं गेट आणि टेलिफोन एक्स्चेंज. एवढ्या जागा धरल्या की बाकीचं गाव झोपेतच लुटता येतं. मला हा हिशोब प्रचंड आवडतो, कारण यात तिजोरी फोडण्याची करामत दुय्यम आहे, खरी करामत गाव कसं चालतं ते ओळखण्यात आहे. त्या काळी एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर मुली बसायच्या, त्यांच्या खोलीत एक माणूस पिस्तूल घेऊन बसला की गावाचा बाहेरच्या जगाशी बोलायचा रस्ताच बंद. आजच्या काळात ही गोष्ट उभीच राहणार नाही.

शेवटाबद्दल काही सांगत नाही, फक्त ज्याने प्लॅन आणलाय त्या एडगर्सवर नजर ठेवा.

सावली_२२
(स्पॉइलर आहेत, 'द हंटर' न वाचलेल्यांनी हा प्रतिसाद सोडा.)
मी 'द हंटर' अर्ध्यात दोन दिवस मिटून ठेवलं होतं. लिन, त्याची बायको, गोळ्या खाऊन मरते आणि हा तिचा मृतदेह बागेत नेऊन टाकतो, वर तिच्या चेहऱ्यावर सुरी फिरवतो, का तर पेपरात फोटो येऊन ओळख पटायला नको. नंतर ब्युटी पार्लरमधली ती बाई, तिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, तोंड बांधून ठेवतो, तिला दमा असतो आणि ती मरते. त्याला वाईट वाटतं ते फारतर आपल्या कामात अडचण झाली म्हणून. मूळ कादंबरी १९६२ ची आहे हे मला कळतं, पण कुक २००९ साली काढत होता, आणि इतकं सुंदर काढत होता, हेच मला जास्त टोचलं. इतक्या देखण्या रेषेत हे बघायला लावतो तेव्हा आपणही कुठेतरी त्यात सामील होतो.

तरीही मी चारही पुस्तकं वाचली. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर असं की पार्कर काम करताना बघायला आवडतो, माणूस म्हणून कधीच नाही. 'द स्कोअर'मध्ये मला खरी आवडली ती मेरी, एक्स्चेंजमधली ऑपरेटर. ओलीस असताना ती टोळीतल्या ग्रोफिल्डशी गप्पा मारता मारता ठरवते की या गावातून निघायची संधी हीच आहे आणि त्याच्याबरोबर निघते. पूर्ण मालिकेत स्वतःसाठी काही मागणारी बाई म्हणून तीच लक्षात राहिली.

टाक_बोरू
सावली, तुमचा मुद्दा पटला, आणि त्याचं कारण मला चित्रातच दिसतं. मी स्वतः चित्रं काढतो, मध्यंतरी सराव म्हणून 'द हंटर'मधलं एक पॅनल ब्रशने कॉपी करायला बसलो, रस्त्यावर उभा पार्कर, मागे दिवा. काळी शाई आणि एकच निळसर हिरवा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, बस. पहिल्या प्रयत्नात मी गालाची बाहेरची रेघ ओढली आणि चेहरा मेला, मग नीट बघितलं तर कुकने तिथे रेघ दिलेलीच नाही, उजेडाकडची बाजू कागदावर मोकळी सोडलीय, आपला डोळाच ती पुरी करतो. एकच रंग असल्यामुळे रक्त लाल नाही, लिपस्टिक लाल नाही, सगळ्याला एकच थंडपणा. म्हणजे पार्करला जग जसं दिसत असेल तसंच आपल्यालाही दिसतं, आणि तुम्हाला जे टोचलं ते यातूनच येतं असं मला वाटतं.

'द स्कोअर'मध्ये तो रंग केशरी होतो. दरोडा रात्रीचा आणि रंग केशरी, ऐकायला विचित्र वाटेल, पण पानावर असं वाटतं की गावाखाली काहीतरी धुमसतंय.

कुक आधी अ‍ॅनिमेशनमध्ये होता, बॅटमॅन-सुपरमॅनच्या कार्टून मालिकांचे स्टोरीबोर्ड करायचा, म्हणून कुठलं पान कुठे उलटलं जाणार, हे त्याला अचूक कळतं. चारच पार्कर झाले. २०१६ मध्ये कॅन्सरने गेला, वय ५३. अजूनही वाईट वाटतं.

आबांची_पेटी
थोडं अवांतर. रिचर्ड स्टार्क म्हणजे डोनाल्ड वेस्टलेक. सिनेमावाल्यांना तो पार्कर हे नाव वापरू द्यायचा नाही, म्हणून 'द हंटर'वरूनच काढलेल्या १९६७ च्या 'पॉइंट ब्लँक' सिनेमात ली मार्व्हिनचं नाव वॉकर आहे. कुकला मात्र त्याने ते नाव दिलं. पुस्तक छापून येण्याआधीच, ३१ डिसेंबर २००८ ला वेस्टलेक गेला.
मी बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलोय, आमच्याकडे आबांची पेटीभर होती. त्यांचा नायक झुंजार कितीही धाडसी असला तरी शेवटी तो आपल्या बाजूचा आहे ही खात्री असायची. पार्कर वाचताना ती खात्री पहिल्या पानापासून नसते, मला सवय व्हायला एक पुस्तक जावं लागलं.

मधली_सीट
महिन्याने धागा वर काढतोय. दोन्ही घेतली, यावेळी कोपरे शाबूत आले. शाईचा_डाग, 'द आउटफिट' सोडलं नाही हे बरंच केलं, चेहऱ्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर गोंधळलोच असतो.

'द स्कोअर' दोनदा वाचलं. पहिल्यांदा दरोड्यासाठी. दुसऱ्यांदा टाक_बोरूंचा प्रतिसाद उघडा ठेवून, रेघ कुठे नाही ते शोधत, आणि काल रात्री एक्स्चेंजच्या प्रसंगापाशी थांबलो. एक माणूस पिस्तूल घेऊन मुलींशी अगदी मजेत गप्पा मारतोय, तिकडे बाहेर गावातल्या तिजोऱ्या एकेक करून उघडतायत, आणि त्या खोलीत मात्र कामाची रात्रपाळी नेहमीसारखी चाललीय असं वाटतं. माझी आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, बोर्डावर रात्रपाळ्या केलेली, तिला ती पानं दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितली आणि विचारलं, "मग त्या रात्री कुणाचा तातडीचा कॉल आला असता तर?"

सावली_२२
आईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना पुढे मेरीचं काय होतं तेही वाचून दाखवा.