आई विधवा आहे म्हणून बहिणीच्या हळदीत तिने मागे राहावे का?

प्रश्न : जुळे सोलापूरकर

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न माघात सोलापुरातच करायचे ठरले आहे. वडील 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे घर आईच्या विड्यांवर चालत आले आहे. मांडीवर सूप घेऊन, पत्र्याच्या मापाने तेंदूची पाने कातरत आणि दोऱ्याची गाठ मारता मारता आमचा अभ्यास घेत तिने आम्हा दोघांना वाढवले. बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फीसुद्धा त्याच कमाईतून भरली गेली.

याद्या झाल्या त्याच दिवशी काकांनी सांगितले की घाणा भरणे, हळद लावणे, ओटी भरणे आणि जावयाचे औक्षण ही कामे काकू व इतर सवाष्णी करतील आणि आईने आत बसून पाहुण्यांच्या जेवणाकडे लक्ष द्यावे. काका मनाने वाईट नाहीत. वडील गेल्यानंतर दवाखान्याचे देणे फेडताना सगळ्या भावकीत तेच आमच्या पाठीशी उभे राहिले, त्यामुळे त्यांना दुखावून काही करावे असे मला वाटत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की आई स्वतःच म्हणते, "माझा हात लागून पोरीचं काही वाईट व्हायला नको." बहीण मात्र ठाम आहे. आईने हळद लावल्याशिवाय पाटावर बसणार नाही, असे तिने मला सांगितले आहे. आईवर जबरदस्ती न करता आणि नाती न तोडता यातून मार्ग कसा काढावा, याविषयी अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, होटगी रस्ता

मीही विधवा आहे, त्यामुळे तुमच्या आईंच्या मनातील भीती मला बाहेरून समजून घ्यावी लागत नाही. पुढे कधी मुलीच्या संसारात काही कमीजास्त झाले, एखादे आजारपण आले किंवा मूल व्हायला उशीर झाला, तर लोक त्या दिवशीच्या हळदीची आठवण काढतील आणि बोट आपल्याकडे दाखवतील, ही ती भीती आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की आईंना समजावत बसू नका. ज्या बाईला ही रूढी सोसावी लागते तिनेच ती मोडण्याचे धैर्यही दाखवावे, अशी अपेक्षा ठेवणे हा तिच्यावर दुसरा भार टाकणे आहे.

आपल्याकडे ज्या सुधारणा टिकल्या, त्या पुष्कळदा मानाच्या जागी असलेल्या किंवा तो विधी स्वतःच्या हाताने पार पाडणाऱ्या माणसांनी केल्या. 1890 मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. केशवपनाविरुद्ध लिहिणारे आणि बोलणारे त्याआधीही होते. परंतु वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवल्यामुळे त्या नकाराला निराळे वजन आले.

तुमच्या घरात तो हात काकूंचा आहे. घाणा भरण्याचा आणि पहिली हळद लावण्याचा मान त्यांचा आहे, म्हणून बोलायचे ते त्यांच्याशी, आणि बोलावे तुमच्या बहिणीने. हळदीच्या दिवशी काकूंनी पहिले बोट लावून वाटी स्वतः आईंच्या हातात द्यावी, एवढेच मागावे. आईंनी ती आपणहून उचलणे आणि सवाष्णीने ती सगळ्यांसमोर त्यांच्या हाती देणे, यांत फार मोठे अंतर आहे. कारण दुसऱ्या वेळी जबाबदारी एकट्या आईंवर राहत नाही. काकूंचे मन वळले तर काकांशी वाद घालण्याची वेळ बहुधा येणारच नाही.

आणखी एक गोष्ट आईंना सांगण्यासारखी आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे देवाचे प्रतीकात्मक लग्न, होते, तेव्हा नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, दिशेने हजारो हातांमधून अक्षता पडतात आणि त्या गर्दीत कोण सवाष्ण व कोण विधवा, हे कोणी विचारत नाही. ग्रामदैवताच्या लग्नात जी अक्षता चालते ती पोटच्या मुलीच्या लग्नात का चालू नये, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

उत्तर : करमाळा तालुका

या विषयात आपला सोलापूर जिल्हा मागे नाही, हे इथे सांगावेसे वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रकारांना त्या ठरावाने विरोध केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हेच आवाहन करणारे परिपत्रक काढले. या मोहिमेमागे आमच्या करमाळा तालुक्यातील प्रमोद झिंजाडे यांचे प्रयत्न होते. आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर या प्रथांची सक्ती होऊ नये, असे त्यांनी हयातीतच स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवले. मला त्या ठरावापेक्षाही हा कागद मोलाचा वाटतो, कारण तो नवऱ्याने स्वतःच्या नावाने लिहिलेला आहे.

ठरावाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो कायदा नाही आणि त्याने कोणाला शिक्षा होत नाही. गावात निदान सरपंच व ग्रामसभा यांच्यापुढे विषय मांडता येतो. तुम्ही महानगरपालिकेच्या हद्दीत राहता, तिथे ग्रामसभा नाही. शहरात हे ठरते ते भावकीच्या बैठकीत आणि मांडवात, त्यामुळे वरच्या उत्तरात काकूंशी बोलण्याचा जो मार्ग सुचवला आहे तोच मला व्यवहार्य वाटतो.

उत्तर : पंढरपूर, वय 71

मी थोडे वेगळे मत मांडतो. तुमचे काका संकटात उभे राहिले ते ज्या व्यवस्थेने त्यांना शिकवले, तीच व्यवस्था त्यांना हा रिवाजही सांगते. मदत घेताना भावकी हवी आणि रिवाज पाळताना नको, असे त्यांना वाटू देऊ नका. आयत्या वेळी पन्नास पाहुण्यांसमोर त्यांचा शब्द मोडलात तर पुढे बहिणीच्या माहेरपणालाच उणेपणा येईल. बदल करायचाच असेल तर तो बस्त्याच्या आधी, घरात बसून आणि त्यांना विचारात घेऊन करा. आईंचे मन शेवटपर्यंत तयार झाले नाही तर त्यांचा नकारही मानाने स्वीकारा.

उत्तर : वकील, सोलापूर

कन्यादानाचा प्रश्न पुढे येईलच, म्हणून थोडक्यात लिहितो. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या रूढीप्रमाणे विवाह लागू शकतो, आणि सप्तपदी त्या रूढीचा भाग असेल तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण होतो. कन्यादान जोडप्यानेच केले पाहिजे, अशी अट या कलमात नाही. आईंनी एकट्याने कन्यादान केले म्हणून लग्नाच्या वैधतेला बाधा येत नाही. कोणी वाळीत टाकण्याची भाषा केलीच तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा 2017 पासून लागू आहे, परंतु तुमच्या काकांचे वर्णन वाचून त्याची गरज पडेल असे वाटत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी बहीण काकूंकडे गेली होती. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले की त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्यांच्या विधवा आईला स्वयंपाकघरात बसवले होते आणि ते त्यांना अजून सलते. हळदीची वाटी त्या स्वतः आईच्या हातात देणार आहेत आणि काकांशीही त्याच बोलणार आहेत. पंढरपूरहून उत्तर देणाऱ्यांचे म्हणणे मला पटले, म्हणून हे सारे बस्त्याच्या आधी ठरवून टाकू. देवकाला काका-काकूच बसतील, तो मान त्यांचाच आहे. कन्यादानाविषयी मात्र आई अजून "बघू" म्हणते आणि आम्ही तिला घाई करणार नाही. आईला एकटीला कन्यादानाला बसवणारे गुरुजी सोलापुरात कोणाच्या माहितीत असल्यास इथे कळवावे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, होटगी रस्ता

आमच्या भागातील गुरुजींनी गेल्या वैशाखात असे एक लग्न लावले आहे. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर संपर्क कळवते. तुमच्या नेहमीच्या गुरुजींना मात्र आधी स्वतः भेटा. पुष्कळदा नकार त्यांचा नसतोच, त्यांना कोणी विचारलेलेच नसते.