बीएस-४ पिकअप: स्लोला थरथर, काळा भपका, ईजीआर साफ करूनही पुन्हा तेच

तासगाव_द्राक्षपट्टा

गाडी २०१८ ची डिझेल पिकअप, बीएस-४, कॉमन रेल, टर्बो. मीटरवर १ लाख ९० हजार. रोजचा फेरा तासगाव, सांगली मार्केट यार्ड, मिरज. हंगामात द्राक्षं घेऊन पुणे.

इंजिन तापलं की स्लोला (रेस न देता) गाडी थरथरते, आरपीएमचा काटा खालीवर होतो. रेस दिली की आधी काळा भपका, मग ओढ. भरलेली गाडी खंबाटकीला तिसऱ्यात जायची, आता दुसरा टाकावा लागतो. स्कॅनरवर पी०४०२ कोड आला. ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा गॅस इंजिनात परत सोडणारा) काढून साफ करून घेतला, गाडी मस्त झाली, पण थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू. आता नवा व्हॉल्व्ह टाका, नाहीतर पत्रा मारून कायमचा बंद करा असं सांगतायत. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर दोन्ही नवीन आहेत. जाणकारांनी सांगावं.

कुपवाड_डिझेल

दादा, पी०४०२ म्हणजे ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितला त्यापेक्षा जास्त एक्झॉस्ट गॅस आत परत येतोय. व्हॉल्व्हच्या सीटवर काजळी साठली की तो पूर्ण मिटत नाही. स्लोला हवा मुळात कमी असते, त्यात जळका गॅस मिसळला की ऑक्सिजन पुरत नाही आणि सिलिंडर सारखे पेटत नाहीत. थरथर त्याचीच. फुल रेसला ईसीयू व्हॉल्व्ह मिटवतो. तो मिटतच नसेल तर चढाला ओढ जाणारच.

पण खर्चाआधी खात्री करा. ईजीआरच्या गॅस्केटच्या मापाचा पातळ स्टीलचा पत्रा कापा, गाडी थंड असताना व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपाच्या) मध्ये घाला, मग इंजिन तापवून बघा. थरथर गेली तर दोष ईजीआरच्या वाटेतच. पत्रा फक्त तपासायला, नंतर काढायचा. स्कॅनर हाताशी असेल तर लाइव्ह डेटात मॅफचा (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा बघा: व्हॉल्व्ह मिटला की ताज्या हवेचा आकडा ठळक वाढला पाहिजे.

पत्र्यानंतरही थरथर तशीच राहिली तर इंजेक्टरकडे वळा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळीला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) सारख्या बाटल्या लावून काही मिनिटं स्लोला चालवा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गळतोय. घाटातल्या ओढीसाठी इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे) होजही खालच्या बाजूने चाचपा. क्लॅम्पपाशी ताजं तेलकट ओलं दिसलं तर तिथून बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) पळतोय, आणि काळा धूर त्यानेही येतो.

मिरज_वर्कशॉप

साफसफाईबद्दल सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच ठिकाणी व्हॉल्व्हच्या तोंडावर स्प्रे मारतात आणि काम संपवतात. खरा चिखल मॅनिफोल्डमध्ये असतो. एक्झॉस्टची कोरडी काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन डांबरासारखा थर बसतो. तो तसाच ठेवला तर सुटलेले तुकडे पुन्हा व्हॉल्व्हच्या सीटवर येऊन अडकतात.

बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. एक्झॉस्टच्या बाजूचा बोल्ट जोर लावून तोडला तर दिवस त्यातच जातो. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ईजीआर कूलरचे (परत येणारा गॅस गार करणाऱ्या भागाचे) पाण्याचे होज सोडायचे असतील तर इंजिन पूर्ण थंड हवं. व्हॉल्व्ह हातात आला की मोटर वरच्या अंगाला आणि काजळीचं तोंड खाली असा धरा, म्हणजे स्प्रेचं पाणी इलेक्ट्रिकच्या भागात शिरत नाही. कार्ब क्लीनर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, जुना टूथब्रश आणि लाकडी काडीने काढा, पुन्हा मारा. ५०० मिलीचा एक डबा व्हॉल्व्हला पुरतो. पटाशी किंवा पॉलिश पेपर सीटवर अजिबात नको, ओरखडा पडला की व्हॉल्व्ह कायम गळतो. इलेक्ट्रिक व्हॉल्व्हचा दांडा स्क्रू ड्रायव्हरने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. व्हॅक्यूमवाला असेल तर हातपंपाने व्हॅक्यूम द्या: दांडा पूर्ण उचलला पाहिजे आणि पंपाची सुई मिनिटभर हलता कामा नये. सुई उतरली तर डायफ्राम फाटलाय, मग साफ करून उपयोग नाही.

मॅनिफोल्ड काढूनच धुवा. डिझेलमध्ये रात्रभर भिजवला की थर सुटतो. काढल्याबरोबर हेडच्या पोर्टमध्ये स्वच्छ फडकी कोंबा आणि किती कोंबली ते लिहून ठेवा. कार्बनचा कडक खडा सिलिंडरमध्ये गेला तर व्हॉल्व्ह वाकू शकतो. कॉस्टिकच्या टाकीत मॅनिफोल्ड बुडवू देऊ नका, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो. आणि चालू डिझेल इंजिनच्या हवेच्या पाइपात स्प्रे कधीही मारू नका. ते इंजिन स्प्रेवरच पळायला लागतं आणि चावी बंद करूनही लगेच थांबत नाही.

मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) टोकावरची काजळी कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, काडी घालू नका. मॅफला फक्त मॅफ क्लीनर. कार्ब क्लीनर किंवा बोट लागलं की तो चुकीचा आकडा देतो. बसवताना गॅस्केट नवीच घाला. एम-८ बोल्ट साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, पण गाडीच्या मॅन्युअलचा आकडा असेल तर तोच धरा. शेवटी कोड पुसा. काही मॉडेलमध्ये मिटलेली जागा स्कॅनरवरून व्हॉल्व्हला शिकवावी लागते. ते राहिलं तर चकाचक व्हॉल्व्हही चुकीचं वागतो.

ईजीआर कूलरच्या आत काजळी ओलसर दिसली आणि कूलंट कमी होत असेल तर कूलर आतून फुटलाय. त्याची प्रेशर टेस्ट करून घ्या.

कराड_हायवे

वरचं सगळं बरोबर. पण काजळी इतक्या लवकर का भरते, याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही. दोन गोष्टी बघा. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आहे का? उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मग मार्केट यार्ड ते मिरज एवढ्या धावेत इंजिन नीट तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी वाढते. दुसरं, ब्रीदर. टर्बोच्या तोंडाचा हवेचा पाइप काढून बोट फिरवा. हलका तेलकटपणा चालतो, तेल साचलेलं असेल तर ब्रीदरचा तेल-सेपरेटर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगांतून प्रेशर खाली येतंय. डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे भरली असेल तरी तेल तिकडे जातं.

यार्डात नंबर येईपर्यंत गाडी चालू ठेवत असाल तर ती सवय सोडा, स्लोला काजळी सगळ्यात जास्त बसते.

तासगाव_द्राक्षपट्टा

थर्मोस्टॅट खरंच नाही. मागच्या उन्हाळ्यात काढलाय, काटा कायम अर्ध्याच्या खाली. डिपस्टिक बरोबर आहे, पाइपात हलकंच तेल आहे. मग आता पत्रा मारायचा विषयच नको ना? पीयूसी तर पास होते म्हणतात.

कुपवाड_डिझेल

नकोच. डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा मोजतात, बीएस-४ ला मर्यादा १.६२ प्रति मीटर. ईजीआर ज्यासाठी आहे तो नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजतच नाहीत, म्हणून बंद करूनही गाडी पास होते. त्याने गाडी कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०, पोटकलम २ प्रदूषणाच्या नियमभंगाला लागू होतं. शिवाय कोड नुसता बदलतो. पी०४०२ च्या जागी पी०४०१ येतो, म्हणजे गॅस कमी येतोय, आणि लाइट पुन्हा लागतो.

कराड_हायवे

थर्मोस्टॅट बसवायच्या आधी पातेल्यात पाण्यात दोरीने टांगून गरम करा, थर्मामीटर सोबत. उघडायचं तापमान त्याच्यावर कोरलेलं असतं, त्याच्या आसपास उघडला पाहिजे. त्यावर हवा सोडायचं बारीक भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवून बसवा, नाहीतर हवा अडकून गाडी खोटी तापते आणि पुन्हा थर्मोस्टॅटवरच आळ येतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, नळाचं पाणी नको. झाकण उघडं ठेवून वरचा होज गरम होईपर्यंत चालवा आणि पातळी पुन्हा भरा.

त्यानंतरही उन्हाळ्यात काटा वर गेला तर गाडी मुळात का तापत होती ते शोधा: रेडिएटरच्या जाळ्या, फॅनचा क्लच, झाकणाचा रबर. थर्मोस्टॅट मात्र परत काढू देऊ नका.