जिओसिटीजवरचं जुनं मराठी पान युनिकोडमध्ये कसं आणायचं?

नवीपेठकर:
सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेवर २००२ साली केलेली ११ मराठी पानं वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपणाऱ्या संग्रहात) सापडली. मूळ जागा जिओसिटीज (फुकट वेबपानं ठेवायची सेवा), ती २००९च्या ऑक्टोबरात बंद झाली. ७ नंदीध्वजांची माहिती, ६८ लिंगांची यादी, सगळं शाबूत आहे, पण दिसतं ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. सोर्समध्ये फाँट 'शिवाजी' लिहिलाय. ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढलं तर 'मूर्ती'चं 'मूतीर्' आणि 'स्थिती'चं 'सि्थती' होतंय. मधली कन्नड वचनं तर पार चिखल. हातानं टाइप करण्यावाचून मार्ग हाय का?

हुतात्मा_एक्स्प्रेस:
हाय की. आधी ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट बंद करा, निम्मं नुकसान तिथंच होतं. वेबॅकच्या पत्त्यात वेळेचा १४ आकडी नंबर असतो, त्याला चिकटून छोट्या लिपीत आयडी आणि एक अंडरस्कोर (id_) टाका. मग वरची पट्टी आणि बदललेल्या लिंका न येता मूळ फाइल जशीच्या तशी उतरते.

ती नोटपॅड प्लस प्लसमध्ये विंडोज-१२५२ म्हणून उघडा. यूटीएफ-८ समजून उघडून सेव्ह केली की १२७च्या पुढचे बाइट कायमचे गेले, आणि अर्धी जोडाक्षरं तिथंच बसलेली असतात. वर्डच्या वाटेला जाऊ नका, तो सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. जुन्या फाँटात त्या जागीही एखादं अक्षर असू शकतं.

कंबरतलाव:
'मूतीर्'चं कारण सांगतो. हे फाँट अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवायचे. रफार काढला जातो तीच्या डोक्यावर, म्हणून फाइलीत तो तीनंतर येतो. युनिकोडला तो तच्या आधी लागतो. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं: फाइलीत आधी, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर.

क्रम असा ठेवा. आधी एचटीएमएल एंटिटी (खास चिन्हांसाठी सोर्समध्ये लिहिलेले संकेत) मूळ चिन्हांत सोडवा, कारण फाँटातली काही अक्षरं ॲम्परसँड आणि कोनी कंसांच्या जागी असतात. मग तक्ता (फाँटात कुठल्या इंग्रजी चिन्हाच्या जागी कुठलं देवनागरी अक्षर आहे त्याची यादी) लावा, लांब जोड्या आधी: अर्धा ग आणि काना मिळून 'ग' होतो, तो सुटा काना बदलण्याआधी पकडला पाहिजे. वेलांटी एका अक्षरावरून नाही, सगळ्या जोडाक्षरावरून पलीकडे न्यायची. 'स्थिती'त ती 'स्' आणि 'थ' दोन्ही ओलांडते, तुमचा कन्व्हर्टर 'स'वरच थांबलाय. रफाराला शेवटपर्यंत एखादं वेगळं चिन्ह राहू द्या. घाईनं 'र्' केलंत तर तो पुढच्या अक्षराला चिकटतो, 'मार्मिक'चं 'मामिर्क' होतं.

शेंगाचटणी:
सगळी फाइल एकदम कन्व्हर्टरमध्ये ओतू नका बे! ज्या टॅगमध्ये 'शिवाजी' आहे तेवढाच मजकूर बदलायचा, नाहीतर ईमेलचे पत्तेही देवनागरीत येतील. कन्नडचा टॅग वेगळा असणार, बहुतेक बरहा या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा फाँट. त्याचा तक्ताही वेगळा, तो तुकडा बाजूला काढून करा.

तक्ता मिळालाच नाही, पण फाँटची टीटीएफ फाइल असली, तर फाँट बसवून पान ३०० डीपीआयला प्रिंट करा आणि टेसरॅक्ट या प्रोग्रॅमचं मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणं) लावा. ११ पानांना तेही परवडतं, तपासणी मात्र ओळ न् ओळ.

कंबरतलाव:
ओसीआर अगदी नाइलाज झाला तरच. तक्त्याची चूक सगळीकडे सारखी असते, एकदा सापडली की एका झटक्यात सुधारते. ओसीआर दर ओळीला नवीन चूक करतं.

आणि त्या काळच्या लोकांना नावं ठेवू नका. विंडोज ९८ला देवनागरी युनिकोड आपोआप यायचं नाही, मंगल फाँट विंडोज २०००बरोबर आला. एक्सपीतही कंट्रोल पॅनेलमधून वेगळं चालू करावं लागे, वर सीडी मागायचं.

नवीपेठकर:
तक्ता लावून वेलांटी-रफार जमले. पण 'पायऱ्या'चं 'पायर्या' आलंय.

हुतात्मा_एक्स्प्रेस:
तो रफार नाही, आडवा र. फाँटात त्याला वेगळी जागा असते, तक्ता करणाऱ्यानं दोन्ही एकच धरलेत. त्या जागेला नुक्त्याचा ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त (०९४डी) द्या. सरसकट 'र्य' शोधून बदलू नका, 'सूर्य' आणि 'कार्य'ही बिघडतील.