मदत हवी आहे: दरडीचा धोका आधीच कमी करण्याच्या निधीचा हिशेब कुणाकडे मागायचा?

नमस्कार मंडळी. आमची वाडी महाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. २२ जुलै २०२१ ला आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हापासून पावसाळ्यात इथं कुणाला धड झोप नाही. मदत जाहीर होते, नेतेमंडळी येऊन जातात, पण ते सगळं माणसं गेल्यावर! १५ व्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार २०२१-२६ साठी राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा सौम्यीकरणाचा, म्हणजे धोका आधीच कमी करण्याच्या कामांचा. त्यातून आमच्या तालुक्यात काय मंजूर झालं, किती खर्ची पडलं, हे माहिती अधिकारात विचारायचंय. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा की थेट मंत्रालयात, मदत व पुनर्वसन विभागाकडे? आणि झालेल्या कामांच्या मोजमाप पुस्तिकेची (प्रत्यक्ष किती काम झालं याच्या नोंदवहीची) प्रत मिळते का? कुणी असा अर्ज केला असल्यास प्रश्न कसे लिहिले तेही सांगा.