मदत हवी आहे: जावात इक्वल्स लिहिलंय, तरी कंटेन्स फॉल्स का देतं?

प्रश्न:
जावा १७ वापरतोय. 'आसन' क्लासमध्ये दोन फील्ड आहेत: स्ट्रिंग डबा आणि इंट क्रमांक. त्यात ही मेथड आहे:

पब्लिक बूलियन इक्वल्स(आसन दुसरे)

आत दोन्ही फील्ड ताडून बघितली आहेत. 'क' आणि 'ख' दोन्ही डबा एस४, क्रमांक २३ देऊन बनवले. क.इक्वल्स(ख) ट्रू येतं. पण अ‍ॅरेलिस्टमध्ये क टाकून यादी.कंटेन्स(ख) केलं की फॉल्स. हॅशसेटमध्येही तेच. एरर नाही की वॉर्निंग नाही. ओव्हरराइड केलेली मेथड चालत का नाही?

प्रतिसाद १:
कारण ती ओव्हरराइड झालेलीच नाही, म्हणजे वारशाने आलेल्या मेथडची जागा तिने घेतलेलीच नाही. ऑब्जेक्ट क्लासमधल्या मूळ इक्वल्सचा पॅरामीटर ऑब्जेक्ट टाइपचा आहे, तुमचा आसन टाइपचा. त्यामुळे जुनी मेथड जागेवरच राहिली आणि त्याच नावाची दुसरी शेजारी येऊन बसली. हे ओव्हरलोडिंग.

दोन्हींपैकी कोणती सिग्नेचर घ्यायची हे कंपायलर ठरवतो, तेही व्हेरिएबलचा घोषित टाइप बघून. अ‍ॅरेलिस्टचा कोड तुमच्या क्लासच्या कितीतरी आधी कंपाइल झालाय, त्याला फक्त ऑब्जेक्ट घेणारी इक्वल्स ठाऊक. रनटाइमला शोध होतो तो त्याच सिग्नेचरच्या ओव्हरराइडचा. तो सापडला नाही, म्हणून वारशाने आलेली चालली, आणि ती नुसतं == बघते, म्हणजे दोन्हीकडे नेमकी तीच एक वस्तू आहे का एवढंच. पडताळायचं तर 'ऑब्जेक्ट ग = ख;' लिहून क.इक्वल्स(ग) करा. वस्तू तीच, उत्तर फॉल्स.

आधी आहे त्याच मेथडवर @ओव्हरराइड लावा. कंपाइल होणार नाही, आणि तेच हवंय. मग पॅरामीटर ऑब्जेक्ट करा आणि आत 'दुसरे इन्स्टन्सऑफ आसन आ' अशी तपासणी घाला (जावा १६ पासून चालतं, नल आला तर आपोआप फॉल्स). यादीचं काम एवढ्यावर भागेल.

हॅशसेटचं नाही. तो आधी हॅशकोड (वस्तू कुठल्या कप्प्यात शोधायची ते ठरवणारा आकडा) बघतो, आणि तुम्ही तो दिला नसल्याने दोन वस्तूंचे हॅश सहसा वेगळे निघतात, मग इक्वल्सपर्यंत गोष्ट जातच नाही. हॅशकोड ओव्हरराइड करून ऑब्जेक्ट्स.हॅश(डबा, क्रमांक) परत करा. आणि सेटमध्ये टाकल्यावर ही फील्ड बदलू नका, नाहीतर वस्तू आत असूनही सापडणार नाही. दोन्ही फायनल (एकदा दिली की न बदलणारी) केलेली बरी.

धागाकर्ता:
यादी आणि सेट दोन्ही चालू झाले. इक्वल्स आणि हॅशकोड आपोआप देणारा रेकॉर्ड वापरता येत नाही, कारण त्याचा सबक्लास करता येत नाही आणि माझ्याकडे आसनचा 'खिडकीआसन' हा सबक्लास आहे. आसनमध्ये सवलत(डबल) आहे, खिडकीआसनमध्ये सवलत(इंट). 'आसन स = न्यू खिडकीआसन()' करून स.सवलत(१०) बोलावलं तर आसनमधलीच चालते. हाही तोच प्रकार?

प्रतिसाद १:
तोच. स चा घोषित टाइप आसन, तिथे इंट घेणारी मेथडच नाही. १० चं १०.० झालं आणि सवलत(डबल) पक्की ठरली. व्हेरिएबल खिडकीआसन टाइपचं केलंत तर इंटवाली चालेल. एकाच कामाच्या दोन मेथड असतील तर पॅरामीटर सारखा ठेवून खरं ओव्हरराइड करा. कामं वेगळी असतील तर नावंच वेगळी द्या.

खिडकीआसनमध्ये नवीन फील्ड घालून इक्वल्स पुन्हा ओव्हरराइड करू नका. आसन म्हणेल समान, खिडकीआसन म्हणेल नाही. ते टाळायला इन्स्टन्सऑफऐवजी गेटक्लास (वस्तूचा नेमका क्लास सांगणारी मेथड) ताडून बघता येतो, पण मग सबक्लासची वस्तू पेरेंटच्या वस्तूशी कधीच समान ठरणार नाही.

प्रतिसाद २:
सी++ मधून येणाऱ्यांनी इथे जरा जपून. तिथे चाइल्डमध्ये सवलत(इंट) लिहिली की पेरेंटमधली त्या नावाची सगळी ओव्हरलोड झाकली जातात. चाइल्डच्या वस्तूवर सवलत(१०.५) बोलावलं तर मुकाट्याने १० जातो, फार तर एखादी वॉर्निंग. चाइल्डमध्ये 'यूझिंग आसन::सवलत;' लिहावं लागतं. जावात पेरेंटमधलीही विचारात घेतली जाते, त्यामुळे १०.५ ला डबलवालीच मिळते.