एनएफएलमधे (अमेरिकन फुटबॉलची लीग) रुकींचे म्हणजे नवख्या खेळाडूंचे पगार वाढतायत, टीमला परवडतं कसं?

कोथरूडकर: ड्राफ्टमधल्या (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) नवख्या पोरांचे आकडे दरवर्षी वरच चाललेत, टीमचं गणित बसतं कसं?

पेठेतला: अरे सॅलरी कॅपच (टीमच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) वाढतेय ना, 2025 ला 27.92 कोटी डॉलर. खरा गोंधळ आधी होता, 2010 मधे नवख्या सॅम ब्रॅडफर्डला एकही मॅच न खेळता 5 कोटी गॅरंटी, मग लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2011 च्या करारात रुकी स्केल (नवख्यांच्या पगाराची ठरलेली पट्टी) आली आणि ड्राफ्टमधे सगळ्यात आधी निवडलेला असून कॅम न्यूटन 4 वर्षांना 2.2 कोटींवर.

औंधवाली: पण पोरांवर अन्याय होतो हो. ब्रॉक पर्डी टीमला सुपर बोलपर्यंत (लीगची फायनल) घेऊन गेला तेव्हा वर्षाचा पगार 10 लाख डॉलरच्या आत, आणि तीन सीझन होईपर्यंत करार बदलता येत नाही!

पेठेतला: त्याला 2025 मधे 5 वर्षांचे 26.5 कोटी मिळाले. रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे) मात्र तोवर मार खाऊन थकलेले असतात, खरं नुकसान त्यांचं.