कूलरची टाकी दर रविवारी घासणं: नागरिकाचं कर्तव्य, की महानगरपालिकेचं काम आपल्या डोक्यावर?

गच्चीवाली:
पाऊस लागला की नागपुरात कूलरचा पंखा बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच राहते. डेंगीच्या एडिस डासाला असंच साठलेलं, स्वच्छ पाणी लागते. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस. दर 7 दिवसांनी टाकी कोरडी केली तर ती पिढी उडायच्या आधीच संपते. हा डास जन्मल्या जागेपासून सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणजे आपल्या टाकीतला डास आपल्याच गल्लीतल्या लेकरांना चावतो. "या शहराचं काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी हे एक काम धरावं.

नुसतं पाणी ओतून मात्र भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. म्हणून:

आधी प्लग उपसा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. ओल्या पंपातून करंट उतरतो. मग बूच काढून पाणी सोडा, कूलर तिरपा करून कोपऱ्यात राहिलेलं दोन बोटं पाणीही काढा. काथ्याने चारही भिंती पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत घासा, पंपाखालची जागा विसरू नका. तासभर उन्हात वाळू द्या. पाणी कोरड्या मातीवर टाका, अळ्या तिथेच मरतात.

महालचा वाडा:
ताई, कृती बरोबर आहे, पण तुमची आशा चुकीच्या जागी आहे. दहा घरांनी टाकी घासली आणि अकरावा रिकामा प्लॉट असला तर? बांधकामावरच्या टाक्या, लिफ्टचे खड्डे, पडून राहिलेले टायर, यांचं काय? तिथे शिरायचा, नोटीस द्यायचा अधिकार महानगरपालिकेला आहे, माझ्या काथ्याला नाही. नागरिकाला घासायला लावलं की यंत्रणेला कोणी जाब विचारत नाही. आणि भर उन्हाळ्यात 60 लिटरची टाकी ओतून द्यायची? काही वस्त्यांत तेव्हा टँकर चालू असतात.

पंपवाला:
पाण्याचं सोपं आहे, भाऊ. शनिवारी रात्री टाकी भरणारी नळी बंद करा, कूलर चालू राहू द्या. रात्रभरात बरंचसं पाणी हवेत उडून जाते, तळाशी थोडंच उरते. तेही वाया जात नाही, अंगण धुवायला चालते. कुंडीत मात्र नको, उडालेल्या पाण्याचे क्षार मागे राहतात. आणि कोणी टाकीत रॉकेल किंवा फिनाईल टाकत असेल तर थांबवा. तीच हवा घरात येते आणि पंपही खराब होतो.

रेशीमबागेतला:
मी महालच्या भाऊंच्या बाजूने. धूर फवारणी वेळेवर झाली असती तर हा धागाच लागला नसता. नाग नदी आणि नाले साफ करा, डास आपोआप कमी होतात.

गच्चीवाली:
धुराने उडता डास मरतो, अळी नाही. आणि एडिस घरात, पलंगाखाली, लटकलेल्या कपड्यांमागे बसतो. रस्त्यावरचा धूर तिथे जेमतेम पोहोचतो. नाल्यातला डास वेगळा, तो क्यूलेक्स. नदी आरशासारखी झाली तरी कूलरमधला एडिस तिथेच राहील. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, कुंडीखालची बशी, पाखरांचं पाणी, हे सगळं घरातलंच आहे. तिथे महानगरपालिकेचा माणूस रोज कसा येईल?

महालचा वाडा:
क्यूलेक्स वेगळा म्हणून तो सोडून द्यायचा का? तोच हत्तीरोग पसरवतो, आणि नागपूर जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यात आहे. हत्तीपाय झालेल्या माणसाचा पाय आयुष्यभर तसाच राहतो. हे काम घासणीने होत नाही. त्याला नाल्याचा उतार, झाकलेली गटारं, सेप्टिक टँकच्या पाइपला जाळी, म्हणजे पैसा आणि यंत्रणा लागते. तुमच्या यादीत हे कुठेच नाही.

गच्चीवाली:
हे मान्य, ते यादीत यायला हवं होतं. पाइपची जाळी तरी घरच्या घरी होते: बारीक नायलॉन जाळी, तारेने घट्ट बांधायची, फाटली की बदलायची. रिकाम्या प्लॉटसाठी तक्रार देताना "डास झाले" एवढंच लिहू नका, त्यावर फक्त धूर येतो. प्लॉटची खूण, भांडी-टायरांचे फोटो आणि अळ्या असलेलं पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन त्याचाही फोटो जोडा. बोटाने धक्का दिला की अळ्या वळवळत खाली जातात, त्यावरून ओळखता येते.

महालचा वाडा:
वाटीची युक्ती घेतो. अर्जावर गल्लीतल्या दहा घरांच्या सह्या असल्या तर अजून बरं. पण माझा क्रम तोच: आधी अर्ज, मग टाकी.

पंपवाला:
अर्जाला सोमवार उजाडावा लागेल, टाकी रविवारी होते. आणि पाऊसकाळ संपल्यावर कूलर झाकताना जुन्या ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) आत ठेवू नका, त्या गवतातही अंडी असतात.